डोंगरी, डंगरी आणि निळीचं कुंड: जीन्स फिकी का पडते आणि तुमच्या कुर्त्याचा रंग हाताला का लागतो

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला आणि जीन्सचा निळा रंगही भारतातूनच जगभर गेला, असं तुम्ही वाचलंत. ते कितपत खरं? दुसरा प्रश्न घरच्या प्रयोगाचा. केसांना लावायची नीळ पावडर चुना-गुळाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून पांढरा सुती कुर्ता बुडवलात, तर तो मळकट हिरवट निघाला आणि धुतल्यावर तेही गेलं. मग निळीची वडी मागवून ती त्याच चुना-गुळाच्या पाण्यात घातलीत. या वेळी रंग बसला, पण आता तो हाताला, बनियनला आणि सोफ्याला लागतोय. चूक कुठे झाली?

आधी मूळ घोटाळा सोडवू. मराठीत ‘नीळ’ या एका शब्दाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली धुण्याची नीळ. पुडीतली ही निळी भुकटी बहुधा अल्ट्रामरीन असते, म्हणजे चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून केलेलं रंगद्रव्य. बाटलीतला द्रव हा कृत्रिम रंग. दोन्हींचं काम पांढऱ्या कपड्याचा पिवळटपणा डोळ्यांना दिसू न देणं एवढंच. त्यांनी कापड रंगवता येत नाही. दुसरी केसांची नीळ. ही वाळवलेल्या पानांची हिरवट पूड असते. तिसरी रंगाऱ्याची नीळ, जिला जुन्या मराठीत गुळीही म्हणत. ही वडीच्या किंवा गडद निळ्या भुकटीच्या रूपात मिळते. वडीवर नख घासलं की तांब्यासारखी चमक येते, ही तिची ओळख. कापड रंगवायचं ते हिने.

तुमचा पहिला प्रयोग फसला तो यामुळे. निळीच्या पानात निळा रंग तयार नसतोच. पानात इंडिकन नावाचं रंगहीन द्रव्य असतं. पान पाण्यात भिजलं की पानातल्याच विकराने (एन्झाइमने) ते तुटतं, त्यातून इंडॉक्सिल सुटतं आणि त्याला हवा लागली की नीळ बनते. म्हणून केसांसाठी ही पूड साध्या किंवा कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची असते. निळा रंग तयार होण्याचं काम वाडग्यात न होता केसांवर व्हायला हवं. उकळतं पाणी घातलं की विकर मरतो आणि लेप वाया जातो. मेंदी धुऊन त्यावर निळीचा लेप देऊन केस काळे करायची ही रीत इराणात फार जुनी आहे. (जाता जाता: मिनिटांत काळी होणारी ‘काळी मेंदी’ म्हणजे मेंदी आणि नीळ नव्हे. त्यात बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं आणि त्याने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.) शंभर ग्रॅम पानांच्या पुडीतून फार तर दोन-तीन ग्रॅम नीळ निघेल, तीही नीट काढली तर. चुना-गुळाच्या पाण्यात दोन दिवस ठेवल्यावर कुर्त्याला लागला तो पानातला हिरवा आणि तपकिरी रंग. तो सुती धाग्याला धरत नाही.

वडी करणारे म्हणूनच ओली, ताजी पानं घेतात. ती हौदात दहा ते सोळा तास बुडवून ठेवतात, पाणी पिवळट-हिरवं झालं की खालच्या हौदात सोडतात आणि फावड्यांनी किंवा पायांनी घुसळून त्यात हवा मिसळतात. निळा गाळ तळाशी बसतो. तो उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात.

आता इतिहास. डोंगरीची गोष्ट नावापुरती खरी आहे. डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला ‘डुंगरी’ म्हणत आणि हा शब्द सतराव्या शतकातच इंग्रजीत शिरला. स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे हे कापड शिडांना, तंबूंना, खलाशांच्या आणि मजुरांच्या कपड्यांना वापरलं जाई. पुढे कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. इंग्रजीत ‘डंगरीज’ म्हणजे कामाची विजार झाली. आपल्याकडे तोच शब्द फिरून दोन रूपांत परत आला: लहान मुलांची पट्ट्यांची डंगरी, आणि फौजेत व कारखान्यांत कपड्यांवरून चढवायची डांगरी. पण डोंगरीचं हे कापड निळंच असे असं नाही. कोरंही विकलं जाई. वीणही वेगळी. डुंगरी साध्या विणीची, एक वर एक खाली. जीन्सचं डेनिम तिरप्या विणीचं असतं; त्यात ताण्याचा (उभा) निळा धागा बाण्याच्या (आडव्या) तीन धाग्यांवरून जाऊन एकाखाली जातो. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी दिसते. विजार उलटी करून पाहा, लगेच दिसेल.

‘डेनिम’ हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि ‘जीन्स’ इटलीतल्या जिनोआवरून आलं, असं मानतात. आज आपण जी जीन्स म्हणतो तिचा जन्म मात्र अमेरिकेतला. जेकब डेव्हिस हा नेवाडातल्या रिनो गावचा शिंपी. मजुरांच्या विजारींचे खिसे कोपऱ्यात उसवतात म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेवी स्ट्रॉस याला भागीदार करून २० मे १८७३ रोजी पेटंट मिळवलं. सुरुवातीला या विजारी दोन कापडांत येत: तपकिरी डक (कॅनव्हाससारखं जाड कापड) आणि निळं डेनिम. डक ताठच राहायचं. डेनिम प्रत्येक धुण्याबरोबर मऊ होत गेलं आणि मजुरांनी तेच उचललं. १९३४ मध्ये बायकांची जीन्स आली आणि १९५०च्या दशकात हॉलिवूडच्या पडद्यावरून ती तरुण पोरांच्या अंगावर चढली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे शब्द मुंबईचा, कापडाचं नाव फ्रान्सचं, शिलाई अमेरिकेची. आणि रंग? इथे ‘भारताने दिला’ एवढं म्हणून थांबू नये. सापडलेलं सगळ्यांत जुनं निळीचं कापड पेरू देशात वाका प्रिएटा इथलं आहे, सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचं. युरोपात वोड नावाच्या झुडपातून हाच रंग निघे, जपानमध्ये आणखी वेगळ्या झाडातून. रेणू सगळीकडे एकच. भारताचं वेगळेपण असं की इथल्या झाडात हा रंग भरपूर होता, त्याच्या सुक्या वड्या पाडण्याचं तंत्र होतं आणि त्या वड्या जहाजाने लांब पाठवता येत. ग्रीकांनी तिला ‘इंडिकॉन’, म्हणजे भारताची वस्तू, म्हटलं, त्यावरून ‘इंडिगो’. आपल्या ‘नील’चं अरबीत ‘अल-नील’ झालं, स्पॅनिश-पोर्तुगीजांत ‘अनिल’, आणि निळीचं ऊर्ध्वपातन करून मिळालेल्या रसायनाला नाव पडलं ‘अॅनिलिन’. युरोपातल्या वोडवाल्यांनी या आयात निळीला कडवा विरोध केला. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये ती वापरणाऱ्याला मृत्युदंडाची शिक्षा जाहीर केली होती.

दख्खनमध्ये निळीत रंगवणाऱ्यांची जातच वेगळी होती: निराळी. जुन्या गॅझेटियरांत त्यांची नोंद आहे आणि हे आडनाव आजही भेटतं.

या इतिहासातला एक भाग जीन्सच्या जाहिरातींत कधीच येत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बंगालमध्ये १८५९-६० मध्ये शेतकऱ्यांनी निळीच्या सक्तीविरुद्ध उठाव केला. चंपारणमध्ये ‘तिनकठिया’ होती: विघ्याच्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत कुळाने नीळ लावायचीच. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला. तोटा मळेवाल्यांचा होता. पण निळीतून मोकळं करण्याच्या बदल्यात खंड वाढवून किंवा रोख रक्कम उकळून त्यांनी तो कुळांच्या माथी मारला. १९१७चा गांधीजींचा सत्याग्रह या जुलमाविरुद्ध होता आणि १९१८च्या कायद्याने तिनकठिया गेली. आजच्या जवळजवळ सगळ्या जीन्स कारखान्यातल्या निळीच्याच असतात.

मग मजुरांच्याच कपड्यांना हा रंग का? कारण तो कामाचा आहे. मंजिष्ठेसारख्या रंगांना कापसावर बसायला तुरटी लागते, उकळावं लागतं. निळीला तुरटी लागत नाही, थंड पाण्यात काम होतं, रंग धुण्याला बऱ्यापैकी टिकतो आणि मळ लपवतो. एक खोड मात्र तिला आहे, आणि तुमच्या सोफ्याचं उत्तर तिच्यातच आहे: नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरांत बसते.

नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिचं क्षपण करावं लागतं, म्हणजे रसायनाने तिचं पाण्यात विरघळणारं पिवळसर-हिरवं रूप बनवावं लागतं, आणि त्यासाठी पाणी अल्कलीयुक्त हवं. या रूपात ती धाग्यात शिरते. कापड बाहेर काढून हवा लागली की ती पुन्हा न विरघळणारी होते आणि जिथे असेल तिथे अडकते. डेनिमच्या कारखान्यात ताण्याचे धागे दोरासारखे एकत्र करून सहा-आठ वेळा थोडा वेळ बुडवतात आणि दर वेळी हवेत फिरवतात. त्यामुळे धाग्याच्या बाहेर निळं कडं तयार होतं आणि गाभा पांढरा राहतो. गुडघ्यावर, खिशाच्या कडेला घर्षणाने कडं झिजलं की पांढरं दिसू लागतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुराला हे जुनेपण वाटे. आज त्याच फिकेपणासाठी नव्या जीन्स दगडांसोबत घुसळून विकतात.

तुमच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र कडंही नीट झालेलं नाही. क्षपण न झालेली निळी भुकटी धाग्यावर नुसती धुळीसारखी चिकटली आहे. कारण बहुधा गूळ. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं आणि सुक्रोज निळीचं थेट क्षपण करत नाही. गुळाचं कुंड, म्हणजे गूळ घालून केलेलं निळीचं रंगपाणी, चालतं ते आंबल्यावर, जंतूंच्या जोरावर, आणि त्याला ऊब आणि कित्येक दिवस लागतात. दक्षिणेत अशा कुंडाला जोर यावा म्हणून टाकळ्याचं बी शिजवून घालतात. पहिल्याच खेपेला तो मार्ग धरू नका. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, वापरा; ती निळीचं थेट क्षपण करते.

दहा लिटरच्या कुंडाचं माप असं: नीळ ५० ग्रॅम, कोरडा विरवलेला चुना १०० ग्रॅम, फ्रुक्टोज १५० ग्रॅम. एकास दोनास तीन, हे प्रमाण पाठच करून ठेवा. यात किलोभर सुती कापड मध्यम निळं होतं. फ्रुक्टोज मिळालं नाही तर पाव किलो मऊ खजूर बिया काढून पाण्यात अर्धा तास उकळा आणि ते पाणी फडक्यातून गाळून घ्या. चुना पानाच्या डबीतला घेऊ नका. त्यात बरंच पाणी असतं आणि माप चुकतं. कळीचा चुना तर मुळीच नको, तो पाण्यात पडताच उकळतो आणि अंगावर उडतो. उघड्या पिशवीत महिनोन्‌महिने पडलेला चुनाही बाद, तो हवेने खडू होऊन बसतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

कुर्ता आधी तपासा. शिवणीच्या आतून एक धागा काढून जाळा. राख झाली तर सूत. वितळून टणक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे आणि नीळ त्यावर बसणार नाही. तयार कुर्त्यांची शिलाई बहुधा पॉलिस्टर दोऱ्याची असते. कापड निळं होईल आणि टाके पांढरे राहतील. काहींना ते आवडतं, पण आधी माहीत असावं. मग कापडाचं कोरडं वजन करा. किलोला २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तास-दीड तास उकळा. पाणी चहासारखं पिवळं निघेल. ती खळ आणि कापसाचं मेण. ही पायरी टाळलीत तर रंग वर तरंगतो आणि ठिगळं पडतात. पाण्याचा थेंब टाकताच कापडाने तो शोषला पाहिजे.

निळीची भुकटी थोड्या गरम पाण्यात खलात घोटा, गुठळी राहता कामा नये. बादलीत आठ लिटर कडकडीत गरम पाणी घ्या, फ्रुक्टोज विरघळवा, नीळ घाला आणि चुना चमच्या-चमच्याने सोडत गोल ढवळा, फेस न करता. उरलेलं पाणी घालून झाकून ठेवा. तासाभरात वर तांब्याच्या रंगाची साय येते आणि मध्ये निळसर बुडबुड्यांचा पुंजका जमतो. चमचा साईखाली घालून पाणी उचला. ते पारदर्शक आणि पिवळसर-तपकिरी असलं तर कुंड तयार. निळं किंवा गढूळ असलं तर थांबा; तुमचा दुसरा कुर्ता बहुधा याच टप्प्यावर घाईने बुडवला गेला. ऊब ४०-५० अंश असली की काम लवकर होतं. विदर्भातल्या मेमध्ये कुंड उन्हात ठेवलं तरी पुरतं, नाशिकच्या डिसेंबरमध्ये घोंगडीत गुंडाळावं लागेल.

कापड साध्या पाण्यात भिजवून, पिळून, साय बाजूला सारून हळूच आत सोडा. तळाच्या गाळाला लागू नये म्हणून मध्ये जाळी किंवा उलटी टोपली ठेवा. पाच ते आठ मिनिटं पाण्याखालीच घड्या उकलत राहा. बाहेर काढताना पाण्याच्या पृष्ठभागाखालीच पिळून एकदम उचला. ठिबकलेले थेंब कुंडात हवा नेतात. बाहेर येताना कापड पोपटी असतं आणि डोळ्यांदेखत हिरवं, मग निळं होत जातं. काठ आधी, घड्या शेवटी. हे पाहण्यासारखं असतं, पण पाहत बसू नका, घड्या उकला, नाहीतर तिथे फिकट पट्टे उमटतील. पंधरा-वीस मिनिटं हवा लागू द्या. साध्या पाण्यात बुचकळून परत कुंडात. असं चार ते आठ वेळा. एकदाच अर्धा तास बुडवून गडद निळा येत नाही, आणि आला असं वाटलं तरी तो हाताला लागणाराच असतो. पातळ थरांवर थर द्यायचे.

पाणी किती अल्कलीयुक्त आहे ते दाखवणारी पीएचची पट्टी मी हाताशी ठेवते. कापसासाठी १०.५ ते ११.५ चांगला. पीएच ठीक असून पाणी निळं झालं असेल तर साखर संपली आहे: १५ ग्रॅम फ्रुक्टोज घाला, कोमट करा, तास-दोन तास थांबा. पाणी पिवळसर आहे पण रंग फिका चढतो आणि पट्टी १० खाली, तर चुना कमी आहे: चमचाभर घाला. पाणी पिवळं, पीएच ठीक, तरी रंग फिका, म्हणजे नीळ संपली. कापड राखाडी आणि खरखरीत निघालं तर तो चुन्याचा थर. वडीचा दर्जा मात्र सगळं बदलतो. एका वडीत शुद्ध रंग चाळीस टक्के असेल, दुसरीत माती मिसळून पंधरा. म्हणून नवी वडी आणली की आधी हातरुमालाएवढा तुकडा रंगवून पाहा.

शेवटचं धुणं अनेक जण उरकून टाकतात, आणि तिथेच सोफा रंगतो. सगळ्या बुड्या झाल्या की कापड सावलीत एक दिवस वाळवा. मग एका बादली पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटं बुडवा, म्हणजे चुना जाईल. साध्या पाण्यात दोनदा धुऊन सौम्य साबणाच्या पाण्यात (लिटरला २ ग्रॅम) वीस मिनिटं उकळा. पाणी निळं होईल. घाबरू नका, धाग्यात बसलेली नीळ साबणाने विरघळत नाही. सुटते ती वरची धूळ. पाणी जवळपास स्वच्छ निघेपर्यंत हे करा, बहुधा दोनदा पुरतं.

तुमच्या आत्ताच्या कुर्त्यालाही हेच करा: व्हिनेगर, दोन पाणी, साबणात उकळणं. तो निम्म्याने फिका होईल कदाचित, पण जे उरेल ते खरं बसलेलं असेल, आणि हवं तर वर सांगितलेल्या कुंडात आणखी तीन बुड्या देता येतील. ब्लीच लावू नका, क्लोरीनने नीळ नष्ट होऊन पिवळट डाग उरतात. पूर्ण वाळल्यावर पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून कुर्त्यावर दहा वेळा जोरात घासा. हलकी निळी छटा येणारच, ती नव्या जीन्सलाही येते. पण फडक्यावर ठळक निळा डाग उमटला तर अजून एक उकळी बाकी आहे.